आमचा वार्ड नल्लकुंटा

पत्रिकेत त्रिवेणीला काय म्हणायचं, एवढाच प्रश्न उरला होता. तो कुणी काढू नये म्हणून भामाबाई सकाळपासून धपाटे थापत होत्या.

बाकी सगळं जुळून आलं होतं. मुलगा अभिजीत कोंडापूरच्या एका कंपनीत, शांत आणि हसरा. त्याचे आईवडील, दिलीपराव आणि सुलभाताई, पुण्याहून मुद्दाम आले होते. मुहूर्त निघाला, बरकतपुऱ्यातला हॉल बोलून ठेवला, जेवणात पुरणपोळी आणि डबल का मीठा दोन्ही ठेवायचं यावरही भांडण न होता एकमत झालं. राहिली पत्रिका. त्रिवेणी 'आमची कन्या' की 'आमची पुतणी'?

त्रिवेणी भामाबाईंच्या नवऱ्याच्या, मुकुंदरावांच्या, धाकट्या भावाची मुलगी. भाऊ एकनाथराव आणि त्यांची बायको पद्मावती बिदरच्या रस्त्यावर जीप उलटून गेले, तेव्हा ती चार वर्षांची होती. मुकुंदरावांचं गौलीगुड्यात पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान. शेत सोडून शहरात आलेला माणूस, पण अजून गिऱ्हाइकाला आधी विहिरीची खोली विचारणार आणि मगच मोटार दाखवणार. त्यांनी पोरीला खांद्यावर घेऊन नल्लकुंट्यातल्या घरात आणलं आणि भामाबाईंच्या मांडीवर ठेवलं. भामाबाईंना स्वतःचं मूल झालं नव्हतं. लोक हे वाक्य 'म्हणून' लावून पुढं न्यायचे: मूल झालं नाही म्हणून हिला वाढवलं. भामाबाईंना तो 'म्हणून' कधी सहन झाला नाही. चार मुलं असती तरी पाचवं ताट मांडलं असतंच की!

त्यांना पत्रिकेत 'कन्या' हवं होतं. हे त्या नवऱ्यापाशीही बोलल्या नव्हत्या. बोलायचं कोणत्या तोंडानं? पोरगी तर त्यांना 'काकू' म्हणायची.

पहिली काही वर्षं ती 'आई' म्हणायची. कुणी शिकवलं नव्हतं. एके दिवशी उठली आणि म्हणाली. मग सहावीत असताना एका दुपारी शाळेतून आली, दारात बूट काढले आणि म्हणाली, "काकू, पाणी दे." भामाबाईंनी पाणी दिलं. वाटलं, उन्हानं चुकून आलं तोंडात. पण दुसऱ्या दिवशीही काकू, तिसऱ्या दिवशीही काकू. का, हे विचारायला भामाबाईंची छाती झाली नाही, आणि आता तर त्या पोरीच्या हाताला मेंदी लागायची वेळ आली होती.

"अभिजीत खाली गाडी लावायला जागा शोधतोय," सुलभाताई आत येत म्हणाल्या. "तुमच्या गल्लीत गाड्या कशा एकीवर एक बसल्यात हो!"

"नल्लकुंटा आहे ताई," मुकुंदराव म्हणाले. "इथं पार्किंगची जागा आजोबाकडून वारशानं मिळती. या, बसा. फॅनखाली बसा."

धपाटे आले, दही आलं, शेंगांची चटणी आली. सुलभाताईंनी पहिला घास घेतला. "वा! थालीपीठ काय खमंग झालंय!"

"थालीपीठ नाही, धपाटे," भामाबाई म्हणाल्या.

"फरक काय हो?"

"थालीपीठ तुमच्याकडं विचारून वाढतात. धपाटा न विचारता." आणि त्यांनी सुलभाताईंच्या ताटात दुसरा टाकला.

दिलीपराव मोठ्यानं हसले. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस; गोष्टी समजावून सांगायची हौस, पण ऐकून घ्यायलाही तयार. अभिजीत घामाघूम होऊन आला, तोही पाटावर बसला. त्रिवेणी पाण्याचे ग्लास भरत होती. घरात असा आनंद होता की मुकुंदरावांना त्यांचा ठेवणीतला किस्सा आठवला. तो त्यांना दर समारंभात आठवतो.

"आमच्या हिची गोष्ट सांगितली का तुम्हाला? त्रिवेणीला शाळेत घालायला गेलो. इंग्लिश मीडियम! मोठ्या मॅडम बसलेल्या. मला इंग्रजी येत नाही, हिला माझ्याहून कमी. मॅडम विचारायल्यात, 'इज शी युअर वार्ड?' मी गप. आणि ही पुढं होऊन, पदर खोचून म्हणती, 'नक्को मॅडम, हमारा वार्ड तो नल्लकुंटा! बाजूच है. बच्ची पैदल आती!'"

सगळे हसले. अभिजीतला ठसका लागला. "मॅडम हसल्या, शिपाई हसला, रांगेतले लोक हसले," मुकुंदराव डोळे पुसत म्हणाले. "पण अ‍ॅडमिशन दिली हं! म्हणाल्या असतील, असल्या बाईशी वाद नक्को."

भामाबाईही हसल्या. दर वेळी हसायच्या, आणि दर वेळी हसून झाल्यावर आत जायच्या. आताही तव्यावर काही नसताना त्या तव्याकडे गेल्या.

"गंमत सोडा," दिलीपराव म्हणाले, "पण मॅडमनी शब्द अगदी बरोबर वापरला होता. वार्ड म्हणजे पाल्य. ज्याचे आईवडील नाहीत, जे दुसऱ्या पालकाच्या ताब्यात आहे, असं मूल. कायद्याचा शब्द आहे तो."

"इथं पालक म्हटलं की भाजीवाली जुडी बांधून देती," मुकुंदराव म्हणाले.

सुलभाताई हसल्या आणि पर्समधून चष्मा काढता काढता सहज बोलून गेल्या, "मग पत्रिकेत 'पुतणी' असंच घालू या ना? म्हणजे रीतसर. उगाच नंतर कुणी पाहुण्यानं विचारायला नको, की कन्या कशी म्हणून." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. आजवर शेकडो पत्रिका वाचून झालेल्या बाईनं म्हणावं, तसं त्या म्हणाल्या होत्या.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "घाला की. पुतणीच आहे." आवाज नीट होता. इतका नीट की त्रिवेणीच्या हातातला जग ग्लासवर तसाच थांबला.

दिलसुखनगरच्या क्लासमध्ये तिची पोरं तिला 'रूट मॅडम' म्हणतात. स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी शिकवते. शब्द आला की त्याचा अर्थ सांगण्याआधी त्याचं गाव सांगते, आजोबा-पणजोबा सांगते. मुलं म्हणतात, मॅडम, परीक्षेत शब्दाचं आधार कार्ड विचारत नाहीत. ती म्हणते, तुम्हाला कुणी नुसतं रोल नंबरनं ओळखलेलं आवडतं का?

तिनं जग खाली ठेवला. "काका, तुम्ही तो किस्सा दर वेळी अर्धाच सांगता."

"अर्धा? अगं, शिपाई हसला तिथं संपतो तो."

"माझा अर्धा राहतो. सहावीत शाळेच्या डायरीत छापील सूचना आली. 'आपल्या वार्डला स्वेटर घालून पाठवा' असली काहीतरी. मला वाटलं, हे फक्त माझ्याच डायरीत छापलंय."

"अगं, सगळ्यांच्या असतं ते!" सुलभाताई म्हणाल्या. "अभिजीतच्या डायरीत तर रोज लाल शाईत. युअर वार्ड इज टॉकेटिव्ह."

"मी?" अभिजीत म्हणाला.

"हौ, सगळ्यांच्याच होतं," त्रिवेणी म्हणाली. "पण लायब्ररीत जाऊन डिक्शनरी उघडणारी मी एकटीच होते. लहान डिक्शनरी होती, शाळेची. एकाच ओळीत अर्थ: आईवडील नसलेलं, दुसऱ्याच्या ताब्यातलं मूल. अभिजीतचे बाबा आत्ता म्हणाले तोच. आईवडील गेलेत हे मला माहीत होतं. पण मी या घरात दुसऱ्याच्या ताब्यातली आहे, हे शाळेला माहीत, सगळ्यांना माहीत, मलाच कुणी सांगितलं नव्हतं, असं वाटलं. त्या दुपारी घरी आले आणि पाणी मागितलं."

पुण्याच्या मंडळींना काही कळलं नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात भामाबाई येऊन उभ्या होत्या, हाताला ओलं पीठ तसंच.

"त्या कागदापायी?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, त्या कागदापायी?"

"हौ, काकू."

"आणि मी समजत होते वेणीपायी."

"कसली वेणी?"

"आदल्या दिवशी मी तुझी वेणी घट्ट ओढून घातली होती. तू रडलीस. मी म्हटलं, रडूबाई, गप बस. मला वाटलं ते तुझ्या मनाला लागलं. तवापासून मी कुणाची वेणी घट्ट घातली नाही. शेजारच्या पोरींचीसुद्धा सैल घालते. त्यांच्या आया म्हणतात, भामाअम्मा, दुपारपर्यंत सुटती ही."

त्रिवेणी हसली की रडली, ते तिचं तिलाही कळलं नसेल. "मला परत आई म्हणायचं होतं. पण एकदा सोडल्यावर परत म्हणायची लाजच वाटायला लागली. रोज वाटायचं, उद्या म्हणू."

सुलभाताईंनी चष्मा घातला आणि परत काढला. त्यांच्या लक्षात आलं होतं, आपण नुसता एक शब्द सुचवला आणि तो कुठं जाऊन बसला.

दिलीपरावांनी घसा खाकरला. "पोरी, अर्थ मी सांगितला तो चुकीचा नाहीये ना?"

"नाही बाबा, आजचा अर्थ तोच. पण तो शब्दाचा म्हातारपणचा अर्थ आहे." क्लासमधल्या फळ्यापाशी उभं राहावं तशी ती सरळ उभी राहिली. "तरुणपणी तो शब्द वेगळाच होता. युनिव्हर्सिटीत मोठी डिक्शनरी हाती आली तेव्हा मी सगळ्यात आधी हाच शब्द काढला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. पहारा देणारा माणूस. आणि तो देतो तो पहारा, त्यालाही तोच शब्द. ज्याला राखायचं ते मूल त्या शब्दात फार उशिरा आलं, चारपाचशे वर्षांनी."

"म्हणजे?" मुकुंदरावांनी विचारलं.

"म्हणजे आधी राखणारा तो वार्ड. मागाहून राखलेला तो वार्ड."

"मग त्या मॅडमनी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा जुन्या हिशेबानं वार्ड ही होती," त्रिवेणीनं दाराकडे बोट दाखवलं. "मी नव्हे. काकू."

भामाबाईंनी पिठाचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "मी?"

"आणि नल्लकुंटाही. शहराचा जेवढा भाग एकानं राखायचा, तोही वार्ड. दवाखान्यातला वार्डही तोच, जिथं रोग्यांवर नजर ठेवतात. सगळी एकाच घरातली भावंडं. गार्ड आणि वार्ड तर एकच शब्द. इंग्लंडात 'व' राहिला, फ्रान्सात त्याचाच 'ग' झाला आणि तो तिकडून परत आला. इंग्रजीनं दोन्ही ठेवून घेतले."

"जसं आपण 'नको' म्हणतो आणि गौलीगुड्यात 'नक्को'," मुकुंदराव म्हणाले.

"तसंच! आणि काका, लॉर्ड माहीत आहे ना? लॉर्डसाहेब? त्याच्या पोटातही हाच शब्द लपलाय. 'ह्लाफ-वेअर्ड'. झिजून झिजून लॉर्ड झाला. ह्लाफ म्हणजे त्यांची भाकरी. भाकरीचा राखणदार तो लॉर्ड."

"भाकरीचा?" मुकुंदराव ताठ बसले. "म्हणजे या घरात लॉर्ड मी."

"भाकरीचा डबा कुठं आहे, सांगा बरं," भामाबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी फ्रिजकडे पाहिलं, मग कपाटाकडे. अभिजीत पुन्हा ठसकला. दिलीपरावांनी मांडीवर थाप मारली. "हरलात व्याही! मी तर हा प्रश्न घरी विचारूच देत नाही."

हसू ओसरलं तशा भामाबाई पुढं येऊन पाटाच्या कडेला टेकल्या. मघाच्या त्या नव्हत्याच. पाठ सरळ, मान वर. लग्न होऊन आलेल्या सुनेला माहेरचं कुणी भेटल्यावर चेहरा होतो, तसा चेहरा.

"म्हणजे राखण," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा इंग्रजी शब्द, आणि निघाली आमची राखणच."

"राखण म्हणजे शेतावरची?" सुलभाताईंनी विचारलं.

"हौ. जोंधळा दाण्यावर आला की पाखरं उतरतात. मग शेताच्या मधी माळा बांधायचा, चार लाकडांवर, उंच. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, दिवसभर हाऽ हुर्रऽ करायचं. मी केली ना! माझ्या चुलत्याचं शेत होतं. तो अंथरुणाला खिळला होता त्या साली. मी एवढीशी, गोफण माझ्यापेक्षा लांब. आमच्याकडं बाया म्हणायच्या..." त्या क्षणभर थांबल्या, आणि मग गळा न चढवता, पीठ मळताना म्हणावं तशा म्हणाल्या:

"उभ्या जोंधळ्यात बाई, माळ्यावरी माझा वास,
दाणा धन्याच्या घराचा, माझ्या डोळियांत रास."

गल्लीतून मिरचीवाल्याची हाळी आली आणि गेली.

"काकू," त्रिवेणी खाली बसली, भामाबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून. "पत्रिकेत 'कन्या' छापायचं. मी आजपासून आई म्हणते. लाज गेली माझी."

हेच तर हवं होतं. सकाळपासून नव्हे, त्या पाण्याच्या ग्लासापासून. भामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कपाळ एकनाथरावांचं, जिवणी पद्मावतीची. अगदी तशीच, हसताना डावीकडं जरा जास्त ओढली जाणारी. ही जिवणी त्यांनी इतकी वर्षं रोज पाहिली होती. पद्मावतीच्या फोटोपुढं पोरीला आधी हात जोडायला लावलं होतं, मग जेवायला. "आई बघती आहे, ताटात टाकू नको," असं त्या म्हणायच्या, तेव्हा ती आई म्हणजे भिंतीवरची. पोरगी काकू म्हणायला लागली त्या दिवशीही फोटोला हार चुकला नव्हता.

आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय काय राखलं.

"नक्को," त्या म्हणाल्या.

"काय?" मुकुंदराव आणि त्रिवेणी एकदमच बोलले.

"कन्या पद्माचीच छापा. पद्मावती आणि एकनाथराव यांची कन्या. त्यांची नावं सगळ्यात वर."

"पण काकू, तुलाच तर..."

"ऐक. राखणीवरच्या माणसानं चार कणसं हुरड्याला मोडून खाल्ली तर कुणी बोलत नाही. तेवढा त्याचा मान असतो. मी खाल्ली ना! सहावीपर्यंत तू मला आई म्हणालीस. इतकं गोड होतं, आजून जिभेवर आहे. पण खळं धन्याचं. पीक उभं राहिलं, पाखरानं दाणा नेला नाही, आता रास पडायच्या दिवशी मी ती पदरात घालून घेऊ? पद्माच्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. मग मी स्वतः कशी बसू?"

त्रिवेणीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. भामाबाईंनी पिठाचा हात तिच्या केसांना लागू नये म्हणून वर धरला, मग म्हणाल्या, जाऊ दे, आणि ठेवला.

"आणि तू मला काकूच म्हण. आता मला त्या शब्दाचं काही वाटत नाही. लग्नात कुणी विचारलं, नवरीची कोण, तर मी सांगणार. वार्ड!"

मुकुंदराव दुसरीकडे बघून नाक पुसत होते. म्हणाले, "शेंगांच्या चटणीत तिखट जास्त झालंय आज."

दिलीपराव हलक्या आवाजात म्हणाले, "भामाताई, मी कायद्यातलं सांगत बसलो. मला माफ करा."

"माफी कशाची? तुम्ही तो शब्द काढला नसता तर हिनं आजही सांगितलं नसतं. आणि मी म्हातारपणीही शेजारणींच्या पोरींच्या वेण्या सैलच घातल्या असत्या. धपाटा घ्या." त्यांनी न विचारता वाढला.

सुलभाताई मघापासून गप्प होत्या. आता सरसावून बसल्या. "पण मग तुमचं दोघांचं नाव पत्रिकेत कुठं? ते राहून चालणार नाही हं. 'पुतणी' मी आता लिहू देणार नाही. निमंत्रक म्हणून घालायचं?"

"निमंत्रक तर सभेचा असतो," मुकुंदराव म्हणाले.

"पालक?" दिलीपराव म्हणाले आणि स्वतःच जीभ चावली. "नको. जुडी बांधतील."

"त्यांच्या नावांच्या खाली," भामाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत. 'राखण: सौ. भामा आणि श्री. मुकुंदराव.' एवढंच."

"माझं नाव मागं?" मुकुंदराव म्हणाले.

"डबा सापडला का?"

"नाही."

"मग मागंच."

सुलभाताईंच्या कपाळावर बारीक आठी आली. रुसव्याची नव्हती, नवं लुगडं नेसताना निरी कुठं घालावी असा विचार पडावा तशी. "राखण... असं कुणी छापतं का हो पत्रिकेत? म्हणजे छान आहे, मला आवडलं. पण आमचे पाहुणे विचारतील."

"विचारू द्या," भामाबाई म्हणाल्या. "जो विचारेल त्याला माझ्याकडं पाठवा. मी माळ्यावरच उभी आहे."

अभिजीतनं त्रिवेणीकडे पाहिलं. इतका वेळ गप्प बसलेला तो पोरगा, त्याच्या डायरीतल्या लाल शाईला शोभेल असं अखेर बोलला. "मला विचारलं तर मी सांगेन, पहिल्यांदाच छापलंय, आणि आमच्याच लग्नात."

त्रिवेणीनं फोन काढला. छापखान्याला पाठवायचा मजकूर ती तिथंच टाइप करू लागली, डोळे पुसत, एका अंगठ्यानं. इंग्रजी शब्दांची सात पिढ्यांची कुंडली सांगणारी ती बाई मराठी लिहिताना मात्र दर अक्षरापाशी अडखळायची. तेलुगू, इंग्रजी आणि दखनीच्या शाळेत मराठी घरच्या दारापर्यंतच आलेली. तिनं ओळ पुरी केली आणि फोन काकूपुढं धरला.

भामाबाईंनी डोळे बारीक करून वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर, जसं त्या देवाची पोथी वाचतात. मग पिठाच्या बोटानं पडद्यावर ठोकलं.

"राखन लिहिलंस. नळाचा न घातलास, रूट मॅडम. राखणीला बाणाचा ण लागतो."